पाच हजारांचे कर्ज

आपले राजूर वणी तालुक्यात आहे. इथे जमिनीतून कोळसा निघतो. भट्टीत दगड भाजून चुना होतो. पोटासाठी दूरदूरची माणसं इथे आली आणि इथलीच झाली. कोणी खाणीत पगारी कामगार आहे. कोणी ठेकेदाराकडे आहे. कोणी भट्टीवर, कोणी शेतावर. कामं वेगळी आहेत, पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी आहे. पैसा ठरल्या दिवशी येतो. गरज मात्र दिवस पाहून येत नाही.

पगार दहा तारखेला असतो. मूल पंचवीस तारखेला आजारी पडतं. मधले पंधरा दिवस कसे काढायचे? तिथूनच कर्जाची गोष्ट सुरू होते.

एक गोष्ट

एके संध्याकाळी आमचा वर्ग सुटला. सगळे घरी गेले. एक जण मात्र पाटीशी चाळा करत बसून राहिला. लहानपणी तो माझ्याच शाळेत होता. चौथीत शाळा सुटली. आता ठेकेदाराकडे कामाला जातो. महिन्याला बारा हजार मिळतात. त्याचं नाव मी सांगत नाही. तो स्वतःच मला म्हणाला, "गुरुजी, माहा हिशेब लिहा, पण नाव नका लिहू."

मी विचारलं, "काय रे, घरी जायचं नाही का?"

तो म्हणाला, "एवढं पासबुक वाचून द्या जी."

मी म्हणालो, "मी कशाला? आता तुला वाचता येतं. तूच वाच."

त्याने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. दहा तारीख, पगार जमा, १२,०००. त्याच दिवशी एटीएममधून ५०० काढले. पुढचा महिना. पगार जमा. त्याच दिवशी ५०० काढले. चार ओळी अशा झाल्या. पाचव्या ओळीला १,००० आले. मग पान उलटलं तरी १,०००, १,०००, १,०००.

"हे पैसे तू काढले?"

"नाही जी. कार्ड माह्यापाशी नाही. सावकारापाशी आहे."

मग त्याने सगळं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात त्याच्या मुलीला ताप आला. दवाखान्याला पैसे हवे होते. गावातल्या एका माणसाने पाच हजार दिले. दर शेकडा दहा. पहिल्या महिन्याचं व्याज त्याने आधीच कापलं. हातात आले साडेचार हजार. बदल्यात त्याने एटीएम कार्ड ठेवून घेतलं, त्याचा आकडा विचारून घेतला आणि कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतली. दर दहा तारखेला तो व्याजाचे ५०० काढायचा आणि उरलेला पगार याच्या हातावर ठेवायचा.

ऑक्टोबरात दिवाळी आली. यानं आणखी पाच हजार घेतले. पुन्हा ५०० आधीच कापले. मग दर महिन्याला १,००० जाऊ लागले.

मी विचारलं, "आतापर्यंत किती दिले?"

तो म्हणाला, "ते काही लिहून नाही ठेवलं जी. पण मुद्दल तसंच आहे म्हणते तो."

मी त्याच्या पुढे वही ठेवली. म्हटलं, "लिही."

वहीतला हिशेब

त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. ते असं.

दोन वेळा आधी कापलेले: ५०० आणि ५००, मिळून १,०००.
जुलै ते ऑक्टोबर, चार महिने ५०० प्रमाणे: २,०००.
नोव्हेंबरपासून पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत, चौदा महिने १,००० प्रमाणे: १४,०००.
एकूण दिले: १७,०००.
हातात आले होते: ९,०००.
सावकार म्हणतो बाकी: १०,०००.

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सतरा हजार देल्ले, अन् एक रुपया नाही फिटला?"

नाही फिटला. कारण त्याने दिलं ते सगळं व्याज होतं. मुद्दलाला हातच लागला नव्हता. बंधूंनो, बहिणींनो, कर्जाचा सापळा म्हणतात तो हाच. सापळ्यात उंदीर सापडतो, कारण आत जायला दार मोठं असतं आणि बाहेर यायला दारच नसतं. नुसतं व्याज देत राहणं म्हणजे कर्ज फेडणं नव्हे. ते कर्जाचं भाडं देणं आहे. भाडं देऊन घर आपलं होत नाही.

शेकडा दहा म्हणजे किती?

"शेकडा दहा" हा शब्द ऐकायला लहान वाटतो. शंभराला दहा रुपये, त्यात काय मोठं? पण हा दर महिन्याचा आहे. वर्षाचे महिने बारा. बारा गुणिले दहा म्हणजे शंभराला वर्षाचे १२० रुपये. म्हणजे वर्षात मुद्दलापेक्षा व्याज मोठं होतं.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. कर्ज घेताना दर महिन्याचा विचारू नका. विचारा, "वर्षाचा दर किती? आणि सगळं मिळून परत किती द्यायचं?"

आता दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहू. दोन्हीकडे कर्ज ५,००० आणि मुदत दहा महिने.

पहिली वाट सावकाराची. दर महिन्याला ५०० व्याज. दहा महिन्यांत ५,००० दिले. अकराव्या महिन्यात बाकी किती? ५,०००. जिथून निघालो तिथेच.

दुसरी वाट बचत गटाची. दर महिन्याला शेकडा दोन, आणि दर महिन्याला मुद्दलातले ५०० परत. पहिल्या महिन्यात व्याज १००. दुसऱ्या महिन्यात मुद्दल ४,५०० उरलं, म्हणून व्याज ९०. मग ८०, मग ७०. असं करत शेवटी १०. सगळं व्याज मिळून ५५०. दहा महिन्यांत दिले ५,५५०. अकराव्या महिन्यात बाकी शून्य.

दहा महिन्यांत एकाने ५,००० दिले आणि तो तसाच अडकून आहे. दुसऱ्याने ५,५५० दिले आणि तो मोकळा झाला. फरक फक्त साडेपाचशेचा. पण एक सापळा आहे आणि दुसरी पायवाट.

मोबाईलमधला सावकार

त्या माणसाची गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. पगारातले हजार रुपये आधीच गेले, की महिना पुरत नसे. कोणीतरी सांगितलं, मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज मिळतं. कागद नको, जामीन नको. यानं तीन हजार मागितले. खात्यात आले १,९००. सात दिवसांनी मागणी आली ३,००० ची.

म्हणजे १,९०० रुपयांना एका आठवड्यात ११०० रुपये जास्त. शंभराला अठ्ठावन्न, आणि तेही सात दिवसांत. गावचा सावकार यापुढे गरीब वाटावा.

सात दिवसांत पैसे जमले नाहीत. मग त्याने दुसरं ॲप घेऊन पहिलं फेडलं. तिसरं घेऊन दुसरं. तिसऱ्याचे पैसे थकले तेव्हा फोन सुरू झाले. शिव्या सुरू झाल्या. त्याच्या मोबाईलमधले सगळे नंबर त्या लोकांकडे गेले होते. बहिणीच्या नवऱ्याला निरोप गेला, "तुमचा मेहुणा चोर आहे." तो मला म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशी मले घरी जाऊ वाटत नव्हतं."

हे फार वाईट आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्याने कर्जापायी किती घरं उघडी पडलेली पाहिली आहेत, ते मी सांगायला नको. म्हणून इथे थांबून एक गोष्ट सांगतो. कर्ज हा आकडा आहे. आकडा कमी करता येतो, पुढे ढकलता येतो, त्यावर भांडता येतं. गेलेला माणूस परत आणता येत नाही. मन फार खचलं तर घरच्यांशी बोला. १४४१६ या नंबरवर फोन करा. ती सरकारची मोफत सेवा आहे. तिथे ऐकून घेणारी माणसं असतात.

मोबाईलच्या कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले. कर्जाची रक्कम सरळ आपल्या खात्यात आली पाहिजे. सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती, हे आधी लिहून दिलं पाहिजे. कर्ज देणाऱ्या ॲपने आपल्या मोबाईलमधले नंबर आणि फोटो पाहता कामा नये. जो हे नियम पाळत नाही, तो चोरवाटेचा धंदा करतो. अशा माणसाने धमकी दिली तर १९३० या नंबरवर तक्रार करा आणि पोलीस ठाण्यात जा. आलेले निरोप पुसून टाकू नका. तोच पुरावा आहे.

पूर्वीची माणसं काय करत?

हे दुखणं आजचं नाही. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत आपसात युद्ध झालं. तिकडचा कापूस विलायतेला जाईना. आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले. शेतकऱ्यांना कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. कर्ज मात्र तसंच राहिलं. त्यात सारा वाढला.

शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोकांचा संयम सुटला. त्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. पाहिजे होते ते कर्जरोखे आणि वह्या. ते कागद त्यांनी जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात रोखा नोंदवायचा, पैसे मिळाल्याची पावती द्यायची, हिशेब दाखवायचा, असे नियम आले.

विचार करा. त्या लोकांनी कागदच का जाळले? कारण कागदावर काय लिहिलं आहे, ते बहुतेकांना वाचता येत नव्हतं. अंगठा त्यांचा, पण अक्षर दुसऱ्याचं. आज आपल्याला कागद जाळायची गरज नाही. आपण तो वाचू शकतो.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियमही होता. व्याज वाढून मुद्दलाएवढं झालं, की त्यापुढे व्याज मागायचं नाही. गंमत पाहा. इंग्लंडात पगारापुरतं कर्ज देणाऱ्या कंपन्या फार माजल्या. तेव्हा तिथल्या सरकारी यंत्रणेने जानेवारी २०१५ पासून मर्यादा घातली. व्याज आणि दंड मिळून मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे आपल्या आजोबांची दामदुपट त्यांनाही पटली.

आजचा कायदा

महाराष्ट्रात २०१४ मध्ये सावकारीचा नवा कायदा झाला. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा आहेत.

परवान्याशिवाय कोणालाही सावकारी करता येत नाही. केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

परवाना असलेल्या सावकाराचा दरही सरकार ठरवतं. २०१४ मध्ये ठरवलेला दर असा आहे. शेतकऱ्याला तारण ठेवून वर्षाला शेकडा ९, तारण नसेल तर १२. इतरांना तारण ठेवून १५, तारण नसेल तर १८. हे दर वर्षाचे आहेत, महिन्याचे नव्हेत.

व्याजावर व्याज लावता येत नाही. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. कोऱ्या कागदावर सही घेता येत नाही. पैसे दिले की पावती मिळाली पाहिजे. वसुलीसाठी त्रास देणं हा गुन्हा आहे.

सावकारीत जमीन किंवा घर गेलं असेल, तर तक्रारीच्या आधीच्या पंधरा वर्षांतल्या व्यवहाराची चौकशी होते. ती मालमत्ता परतही मिळू शकते.

तक्रार कुठे करायची? तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाचं कार्यालय असतं. जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक असतात. साध्या कागदावर अर्ज चालतो. वकील लागला तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना तिथे फुकट मदत मिळते.

भट्टीवर किंवा शेतावर उचल घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. उचल फिटली नाही म्हणून कोणी तुम्हाला जबरदस्तीने कामाला बांधून ठेवू शकत नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आहे. अशी तक्रार कलेक्टर किंवा तहसीलदाराकडे करावी.

आता आमच्या माणसाचा हिशेब कायद्याने करू. शेकडा १८ म्हणजे महिन्याला दीड रुपया. पाच हजारांना महिन्याचे ७५. पहिलं कर्ज एकोणीस महिन्यांचं, व्याज १,४२५. दुसरं पंधरा महिन्यांचं, व्याज १,१२५. दोन्ही मिळून २,५५०. त्याने दिले होते १७,०००. आणि त्या सावकाराला तर परवानाही नव्हता.

तो कसा सुटला?

पहिल्या दिवशी त्याने घरी बायकोला वही दाखवली. ही सगळ्यांत अवघड गोष्ट होती. तिला अर्धंच माहीत होतं. तिनेही आपलं सांगितलं. फायनान्सवाल्यांकडून तिने वीस हजार घेतले होते. हप्ता आठवड्याला ४५०, पन्नास आठवडे. दोघांनी सगळी कर्जं एकाच पानावर लिहिली. कोणाचं, किती, दर किती, बाकी किती.

दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेला. जुनं कार्ड बंद केलं, नवं मागितलं. नव्या कार्डाचा आकडा कोणालाही सांगितला नाही. गळका माठ भरण्याआधी भोक बुजवावं लागतं.

तिसरं काम नातेवाइकांचं. ॲपवाले बदनामी करतील त्याआधी त्यानेच सगळ्यांना सांगितलं, "मी फसलो. असे फोन येतील, उचलू नका." मग धमकीत दम राहिला नाही. १९३० वर त्याने तक्रार केली.

चौथं काम अर्जाचं. त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. दोन ठिकाणी चुकला, मी दुरुस्त केलं. पासबुकाची झेरॉक्स जोडली. अर्ज दिल्यावर पोच घेतली.

काही आठवड्यांनी सावकाराचा निरोप आला, "दहा हजार आण आणि कागद घेऊन जा." हा चार वडीलधाऱ्यांना घेऊन गेला आणि वही पुढे ठेवली. म्हणाला, "नऊ हजार घेतले, सतरा हजार देल्ले. आता तुमीच सांगा, कोणाचं कोणाकडे निघते?" सावकाराने वही दोनदा वाचली. चौकशीची बातमी त्यालाही लागली होती. शेवटी त्याने कार्ड आणि सही केलेला स्टॅम्प परत दिला. वर काही मागितलं नाही.

प्रत्येकाचं असंच होईल, असं मी म्हणत नाही. कधी चौकशीला महिने लागतात. कधी साक्षीदार मागे फिरतात. आणि आमचा माणूस सुटला तो फुकट नाही. बायकोचं वीस हजारांचं कर्ज खरं होतं, दरही बेताचा होता. ते त्यांनी हप्त्या-हप्त्याने फेडलं. दोन शेळ्या विकाव्या लागल्या. एक दिवाळी नव्या कपड्यांशिवाय गेली. पण त्या काळात त्यांनी एक पथ्य पाळलं. कर्ज फेडायला नवं कर्ज घेतलं नाही.

गटाच्या कर्जाबद्दलही दोन गोष्टी माहीत असाव्यात. २०२२ च्या नियमांप्रमाणे घराच्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून घरच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. आणि वसुलीवाल्याने सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर दारात येऊ नये, शिवीगाळ करू नये.

पुन्हा सापडू नये म्हणून

एक गोष्ट खरी आहे. सावकार रात्री अकरालाही पैसे देतो. बँक देत नाही. म्हणून माणूस सावकाराकडे जातो. सावकाराला नुसत्या शिव्या देऊन हा प्रश्न सुटत नाही. रात्री अकराचे पैसे आपल्याच घरात किंवा आपल्याच गटात असले पाहिजेत.

बारा बायकांनी दरमहा शंभर रुपये टाकले तर महिन्याला १,२०० होतात. वर्षाला १४,४००. मुलीच्या तापाला पाच हजार लागले, तर त्यातून देता येतात. व्याज कोणाकडे जातं? गटाकडेच. म्हणजे आपलेच पैसे आपल्याच पेटीत परत येतात. कामगारांच्या पतसंस्थाही याच विचारातून निघाल्या. आपल्या देशात सहकारी पतपुरवठ्याचा पहिला कायदा १९०४ मध्ये झाला, तोही गरिबाला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणूनच.

आमच्या माणसाची बायको आता अशाच एका गटात आहे. गटाची वही तीच लिहिते. आणि तो दर दहा तारखेला स्वतः एटीएमवर जातो, पावती घेतो, घरी येऊन वहीत लिहितो. परवा मला म्हणाला, "गुरुजी, मी पैलेही एवढंच कमवत होतो. पण आता कुठं जाते ते दिसते."

तुम्हीही आज घरी गेल्यावर एक कोरं पान घ्या. आपलं कर्ज त्यावर लिहा.

हिशेब करून पाहा

१. एकाने २,००० रुपये शेकडा दहा महिना या दराने घेतले. तो फक्त व्याज देतो. किती महिन्यांत व्याज मुद्दलाएवढं होईल?

२. दुसऱ्याने २,००० रुपये गटाकडून शेकडा दोन महिना या दराने घेतले. दर महिन्याला मुद्दलातले ५०० परत केले. चार महिन्यांत त्याने एकूण व्याज किती दिलं?

३. तुमचं एटीएम कार्ड आज कोणाजवळ आहे?